ताईच्या हातचं पाणी

बाबांना पातळ पाणी चालत नाही. अर्धांगवायूचा झटका आल्यापासून त्यांचा घसा आळशी झालाय. साधं पाणी पटकन घसरून श्वासनळीत जातं. म्हणून त्यांची मुलगी (सगळे, अगदी बाबासुद्धा, तिला ताईच म्हणतात) प्रत्येक पेल्यात पांढरी पूड घालते. गवारीच्या बियांचा डिंक. वास नाही, चव जवळपास नाही, पण पाण्याला असा धरून ठेवतो की ते मधासारखं सावकाश उतरतं.

"जन्मभर गवार ताटाबाहेर काढली," बाबा म्हणतात, "आता तिनं सूड घेतला."

ताई हसते आणि पेला धरून बसते. बाहेरच्या खोलीत तिचं शिलाई मशीन. त्यावर लोकांच्या पँटी आखूड करून द्यायच्या. खरा हात आहे तो कापड बेतण्यात. म्हणूनच तर लांबच्या गावातल्या मोठ्या कारखान्यातून निरोप आलाय: कटिंग मास्तर म्हणून या, राहायची सोय आहे, संध्याकाळपर्यंत कळवा.

तिनं धाकट्या भावाला पाणी करायला शिकवायचं म्हणून बोलावून घेतलं.

"यात शिकायचं काय? पूड टाकायची, ढवळायचं!"

"टाक बरं."

त्यानं ढवळलं. पातळच. आणखी एक चमचा. तरी पातळ. आणखी एक. मग गप्पा मारत बसला. वळून बघतो तर चमचा पेल्यात उभा!

"ही काय खळ झाली?"

"पुडीला फुगायला वेळ लागतो, राजा. तुझ्यासारखी उतावीळ नाही ती. आणि कोरडी त्यांच्या तोंडात जाऊ देऊ नकोस हं, घशातच फुगून बसेल."

दुसऱ्या पेल्यात गुठळ्या. तिसरा झक्क. ताईनं चमचा तिरका केला. धार सावकाश, अखंड.

"जमलं की रे तुला!" इतकी मोठ्यानं ओरडली, की भाऊ दचकलाच.

त्यानं पेला नेला. बाबांनी ओठ मिटले.

"गुठळी आहे."

"नाहीये, बाबा."

"ताईच्या हातचं हवं."

ताईनं तो पेला आत नेला. रिकाम्या भांड्यात चमचा खणखण फिरवला, जरा थांबली, आणि तोच पेला परत आणला. बाबा शेवटच्या घोटापर्यंत प्यायले.

"हं! याला म्हणतात हात."

भाऊ हसू दाबत स्वयंपाकघरात पळाला. "अगं, नाटकी आहे म्हातारा! सुटलीस तू. चार दिवस रुसेल, मग पिईल मुकाट्यानं. कर फोन!"

ताई हसली नाही. आपल्याला या पुडीनं अडकवलंय, दुसरं कुणी शिकलं की सुटू, असं तिला वाटायचं. दुसरं कुणीतरी शिकलं होतं.

तिनं नंबर लावला. पलीकडे घंटा वाजू लागली.

"ताई, पाणी!" खोलीतून हाक आली.

"तू बोल," भाऊ डब्याकडे वळत म्हणाला, "मी देतो."

पण पुडीचा डबा केव्हाच तिच्या हातात आला होता. ओट्यावर ठेवलेला फोन हॅलो, हॅलो करत राहिला.