माळ ओसाड नव्हता

मंठ्याच्या एका कॉलेजात माझं भाषण होतं. विषय त्यांनीच ठरवला होता: साहित्य आणि चित्रपटांतील स्थलांतरितांची आपलेपणाची जाणीव आणि भोवतालचा निसर्ग. एवढा विषय फ्लेक्सवर एका ओळीत मावला नव्हता, म्हणून निसर्ग खाली घसरून माझ्या फोटोच्या हनुवटीवर आला होता.

माझ्याआधी तीन जण बोलले. तिघांच्या बोलण्यात मिळून 'माती' किती वेळा आली हे मी मोजायला लागलो आणि कंटाळून सोडून दिलं. तिघांपैकी कुणाच्याच नखात माती नव्हती. माझ्याही नव्हती. मी तीस वर्षं पुण्यात तिसऱ्या मजल्यावर राहतो, कुंडीतली तुळससुद्धा बायको सांभाळते. पण मी स्थलांतरित लेखक आहे. वाटूरजवळच्या माझ्या गावावर मी एक पुस्तक लिहिलं, त्यातल्या माळाच्या प्रकरणावर पुण्यातल्या काही तरुणांनी वीस मिनिटांची फिल्म काढली, आणि तेवढ्या भांडवलावर मला वर्षाला चार-पाच शाली मिळतात.

भाषणात मी नेहमीचंच बोललो. गाव सोडलेल्या माणसाच्या मनात गाव उरत नाही, गावाचा भोवताल उरतो. माझ्या मनात गावामागचा माळ उरला आहे. मग ते पान वाचून दाखवलं: लहानपणीचा ओसाड माळ, नुसतं गवत आणि वारा, नजर पोचेल तिथवर माणूस नाही. या जागी टाळ्या येतात. आल्या.

आयोजकांना प्रश्नोत्तरं नको होती, जेवण थंड होत होतं. तरी शेवटच्या रांगेतून एक म्हातारी उठली. शेजारी तिची मुलगी, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. दोघींना मी ओळखलं. आमच्या गावच्या बौद्ध वस्तीतल्या. म्हातारीला सगळं गाव मावशी म्हणतं, मीही म्हणतो.

"लेका, त्या माळावर माझी तूर व्हती," मावशी म्हणाली. "तुला त्यातलं एक झाडबी दिसलं न्हाई?"

सभागृह हसलं. मीही हसलो. म्हणालो, "मावशी, ते साहित्य आहे."

"ते तहसिलीत लावलंय," मुलगी म्हणाली. "पुरावा म्हणून."

हसणं हळूहळू बंद झालं. प्राचार्यांनी आभार मानायला माइक ओढला.

बाहेर व्हरांड्यात, हातात ताटं धरून, शिक्षिकेने मला सगळं नीट सांगितलं. त्या माळावरच्या गायरानातली दोन एकर जमीन तिच्या आजीपासून त्यांच्या घराकडे आहे. नावावर करून मिळावी म्हणून त्यांनी अर्ज केला होता. त्याला अट अशी, की ताबा जुना पाहिजे, सरकारने ठरवलेल्या तारखेच्या आधीचा, म्हणजे तिच्या आजीच्या काळातला. गावातल्या काही जणांनी हरकत घेतली: ही चराईची जमीन, इथे कधी कुणी पेरत नव्हतं, हे लोक अलीकडे घुसले. हरकतीसोबत माझ्या पुस्तकाची चार पानं जोडली होती आणि फिल्म पेन ड्राइव्हमध्ये दिली होती. पुस्तकात वर्णन माझ्या लहानपणचं. नजर पोचेल तिथवर माणूस नाही, म्हणजे ताबाही नाही. इतकं नीट माझं पुस्तक कुठल्याही समीक्षकाने वाचलेलं नाही.

"हरकत कुणी घेतली?"

"पहिली सही तुमच्या भावाची आहे."

मावशी ताटातला भात बाजूला सारत होती. "ते शिनेमावाली पोरं मे महिन्यात आल्ती," ती म्हणाली. "म्हणले, आजी, ह्या काड्या कॅमेऱ्यात येऊन राह्यल्या. पऱ्हाट्याचा ढीग व्हता माझा, कापूस निघाल्यावरचा. आन कडंनं काट्याचं कुंपन. मी आन हिनं दोन तास ओढून सगळं वढ्यात नेऊन टाकलं. वरून चहा पाजला. पाव्हणे हायत म्हणलं."

फिल्ममध्ये तो तुकडा मी कितीदा पाहिला आहे. भेगाळलेली काळी जमीन, लांबवर काही नाही, आणि वर माझं वाक्य वाचणारा घोगरा आवाज. मे महिन्यात आमच्या जिल्ह्यात कुणाचंही शेत तसंच दिसतं. पण फिल्मला छायाचित्रणाचं बक्षीस मिळालं होतं, आणि बाईने स्वतःच्या शेतातला स्वतःचा पुरावा स्वतःच उचलून टाकला होता.

"परवा सुनावणी हाय," मावशी म्हणाली. "तू ये आन सांग. त्या दोन एकरावर माझं सगळं हाय. बाकी काय न्हाई माझ्याकडं."

मी येतो म्हणालो. तिचा विश्वास बसला नाही हे तिने लपवलं नाही.

संध्याकाळी गावी भावाकडे मुक्कामाला गेलो. तो माझ्याहून तीन वर्षांनी लहान. वडिलांच्या मेंढ्या त्याने केव्हाच विकल्या, आता शेती करतो आणि पंचायतीत उठबस करतो.

"दादा, तुझं पुस्तक लई कामाला आलं," तो म्हणाला. "मी वाचलं नव्हतं. वकिलानं वाचलं. म्हणला, असला कागद मागून मिळत न्हाई."

"तूर होती तिथं."

"व्हती ना."

"मग?"

"मंग काय. तू लिहिली न्हाई. शिकलेला माणूस जे लिहितो ते आम्ही बराबर धरलं."

"आपल्या मेंढ्या शिरल्या होत्या त्या तुरीत. तू माझ्यासोबत होतास."

"मला ध्यान न्हाई."

"आता एक मेंढी तरी आहे का गावात? चराई कशाला पाहिजे?"

त्याने तंबाखू मळायची थांबवली. "तुला पुण्याला बसून गवत पाहिजे व्हतं, ते चाललं. मला पाहिजे म्हणलं की लगेच न चालायला काय झालं?"

तूर मला आठवत होती. लिहितानाही आठवत होती. पहिल्या खर्ड्यात ती आहेसुद्धा. मावशीच्या नवऱ्याने पेरलेली, माझ्या डोक्याएवढी, पिवळ्या फुलांची. ती मी काढून टाकली. तूर आली की ती पेरणारा येतो, पेरणारा आला की त्याची वस्ती येते, आमच्या मेंढ्यांचं आणि त्यांच्या पिकाचं भांडण येतं, आणि मग आठवणीतली हुरहूर बसायला जागा उरत नाही. गाव सोडलेल्या लेखकाला मागचं गाव रिकामं लागतं. अशी पुस्तकं आणि सिनेमे मी ढिगाने पाहिले आहेत. प्रत्येकात एक उघडं टेकाड, एक झाड, आणि त्याखाली लेखक सोडून कुणी नाही. मी त्यांची चेष्टा करतो आणि माझं टेकाड शालीखाली झाकतो.

आणि खरी स्थलांतरित तर मावशी. तरुणपणी दर दिवाळीनंतर ती नवऱ्यासोबत ऊस तोडायला जायची, उन्हाळ्यात परत यायची. तिकडे तिला वारा आठवत नसे. सासू एकटी तुरीची राखण करते आहे, मेंढरं शिरली नसतील ना, एवढंच आठवत असे. हे तिने मला एकदा सांगितलं होतं. पुस्तकात घेण्यासारखं काही नाही, असं तेव्हा मला वाटलं होतं.

सुनावणीला भाऊ वकिलासोबत आला होता, मी शेअर रिक्षाने. अधिकारी दमलेले पण सभ्य होते. "तुमचं पुस्तक वाचलंय," ते म्हणाले. "माळाचं वर्णन फार सुंदर आहे."

"ते खरं नाही," मी म्हणालो. "तिथे या बाईंच्या घरची तूर असायची. दरवर्षी."

वकील उभे राहिले. "म्हणजे तुम्ही पुस्तकात खोटं लिहिलं?"

"हो."

"छापून, विकून, बक्षिसं घेऊन?"

"हो."

"मग आज खरं बोलताय हे कशावरून?"

"पुस्तकात मी फार भला दिसतो," मी म्हणालो. "आज सांगतोय त्यात मी चोर आहे. मी पाचवीत असताना आमच्या मेंढ्या मी मुद्दाम त्या तुरीत सोडल्या. त्यांनी निम्मं शेत खाल्लं. यांच्या सासूबाईंनी मला तुरीच्या ओल्या फोकाने मारलं आणि मेंढ्या कोंडवाड्यात नेल्या. वडिलांनी त्या दुसऱ्या दिवशी सोडवून आणल्या. तूर नसती तर मेंढ्यांनी काय खाल्लं असतं?"

अधिकाऱ्यांनी मावशीकडे पाहिलं. "खरंय का आजी?"

"मुद्दाम सोडल्या हे मला आज कळून राह्यलंय," मावशी म्हणाली. "सासू म्हणायची, चुकून शिरल्या असतील, लेकरू हाय."

कारकुनाने टाइप करायला घेतलं. 'मी लेखक असून', अशी सुरुवात केली. पुढे कसं लिहायचं म्हणून त्याने मला विचारलं. मी सांगितलं, पुस्तकातील माळाचे वर्णन खरे नाही, मला पीक माहीत असूनही मी ते वगळले. मुलीने फिल्मच्या वेळी उचललेल्या पऱ्हाट्या आणि कुंपणही त्यात घालायला लावलं. जबाब सव्वा पानाचा झाला. माझ्या लेखनात इतकं कमी विशेषणांचं दुसरं काही नाही. मी सही केली.

बाहेर आवारात भाऊ मोटारसायकलजवळ उभा होता. हँडलला माझी पिशवी लटकवलेली होती. म्हणजे सकाळी निघतानाच त्याने ती घेतली होती. त्याने ती काढून माझ्या हातात दिली.

"हिनं कपडे भरलेत तुझे," तो म्हणाला. "काय राह्यलं असंल तर पाठवून देऊ."

"मी दिवाळीला येणार होतो."

"कुणाकडं?" त्याने विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता गाडी सुरू केली.

मावशी आणि तिची मुलगी पायऱ्यांवर बसल्या होत्या. मी शेजारी उभा राहिलो. कुणी माझे आभार मानले नाहीत आणि ते योग्यच होतं.

"निकाल लागला न्हाई अजून," मावशी म्हणाली. "साहेब म्हणले, मोक्यावर येऊन बघू. तवा तुला यावं लागंल. कुठून कुठवर तूर व्हती ते दावायला."

"येईन."

"पंधरा दिवसानं."

"येईन, मावशी."

तिने माझ्या हातातल्या पिशवीकडे पाहिलं. "मंग उतरशील कुठं?"

मी पिशवी दुसऱ्या हातात घेतली. ती तिच्या घराचं काही बोलली नाही. मुलगीच म्हणाली, "वाटूरला एक लॉज झालंय म्हणतात. आधी फोन करून ठेवा."