इस्त्रीच्या टेबलावरचं यंत्र

आधीच सांगून ठेवते, म्हणजे नंतर कटकट नको. या गोष्टीत मी आत्याच्या बाजूची आहे. दुसरी बाजू ऐकायची असेल तर माझ्या बाबांना विचारा. ते सांगतील, आणि चांगले तासभर सांगतील.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. लग्न केलं नाही, आणि का केलं नाही हे विचारायची आमच्यात कोणाची टाप नाही. राहते आमच्याकडेच, मागच्या खोलीत. अठ्ठावीस वर्षं एका मोठ्या हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात इस्त्रीवर होती. तळघरात लांबलचक खोली, छतातून खाली आलेली वाफेची नळी, हातात जड इस्त्री आणि समोर डॉक्टरांच्या पांढऱ्या कोटांचा ढीग. उजव्या मनगटावर भाजल्याचा लांबट डाग आहे, त्यावर ती घड्याळ बांधते. तिथे तिला सगळे वाफबाई म्हणायचे, कारण नुसत्या फुसफुशीवरून ती सांगायची की कुठला व्हॉल्व्ह गळतोय. दुरुस्तीवाला पाना घेऊन शोधत फिरायचा आणि ही लांबूनच ओरडायची, "तो नाही रे बाबा, त्याच्या पलीकडचा!"

कॉफीचं वेड तिथलंच. वरच्या मजल्यावर डॉक्टरांच्या खोलीत एस्प्रेसोचं यंत्र होतं. एकदा ते गळायला लागलं आणि कंपनीचा माणूस चार दिवस फिरकेना. कोणीतरी म्हणालं, खालच्या वाफबाईला बोलवा. आत्या गेली, हँडल काढलं, आतल्या रबराच्या कडीवर नख दाबून पाहिलं आणि म्हणाली, "हे दगड झालंय, दुसरं काही नाही." खालून आणलेली एक कडी कापून-घासून बसवली आणि यंत्र सुरू झालं. तिथल्या एका डॉक्टरीणबाईंनी खूश होऊन तिला एक कप दिला. इवलासा कप. "जिन्यात बसून प्यायले," आत्या सांगते, "दोन घोटांत संपला. आणि मला कळलं, आजवर कॉफी म्हणून जे प्यायले ते गरम पाणी होतं."

मग यंत्र बिघडलं की वाफबाईला बोलावणं यायचं. दुरुस्त झालं की "थँक्यू हं बाई," आणि दार बंद. दुसरा कप काही आला नाही. तळघरातल्या लोकांसाठी एक मोठी टाकी होती, तिच्यात सकाळी सहाला भरलेली कॉफी दुपारी दोनपर्यंत नळाने मिळायची.

"मागितली का नाहीस गं?" मी एकदा विचारलं.

"मी का मागू? त्यांना डोळे नव्हते?"

अशी ती आहे. मीही थोडी तशीच आहे, आई म्हणते तिच्यावरच गेलेय.

तर ती निवृत्त झाली, हातात थोडे पैसे आले, आणि एका रविवारी जेवताना तिने जाहीर केलं, "मी एस्प्रेसोचं मशीन घेणार आहे. चांगल्यातलं."

बाबांचा घास हातातच राहिला. "केवढ्याला येतं?"

तिने आकडा सांगितला. तिच्या तीन महिन्यांच्या पेन्शनीएवढा होता.

"अगं ताई, डोकं ठिकाणावर आहे का? बाटलीतली कॉफी आहे ना घरात. चमचाभर टाकली की झालं."

"ती तू पी."

बाबांनी कॅल्क्युलेटर काढला. दिवसाला दोन कप, यंत्राची किंमत, बियांची किंमत, विजेचं बिल. एक कप केवढ्याला पडतो ते त्यांनी तीनदा मोठ्याने वाचलं, जणू कोणीतरी गुन्हा केलाय. आई म्हणाली, "वन्सं, पण ठेवणार कुठे? ओट्यावर तर वाटी ठेवायला जागा नाही." हे मात्र खरं होतं.

"माझ्या खोलीत. इस्त्रीच्या टेबलावर."

"आणि माझे शर्ट?" बाबा पटकन बोलून गेले. आता ऐका, खरी कळ इथे होती! निवृत्त होऊनही आत्या रोज सकाळी बाबांच्या शर्टाला इस्त्री करून देत होती. त्या टेबलावर दुसरं काही येऊ शकतं हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं.

"लाँड्रीत टाक," आत्या म्हणाली आणि ताट उचलून गेली.

दुकानात मी बरोबर गेले. विक्रेता गोड बोलणारा होता. त्याने आम्हाला थेट कॅप्सूलच्या यंत्राकडे नेलं. "आजी, तुमच्यासाठी हेच. कॅप्सूल टाका, बटण दाबा, कॉफी हजर. काही शिकायला नको."

"आजी कोणाची? आणि मला शिकायला नको असं कोणी सांगितलं तुला?"

तो बिचारा ओशाळला. आत्याने यंत्र उचलून उलटं केलं. "हे उघडतं कुठून?"

"उघडत नाही मॅडम. उघडायची गरजच पडत नाही."

"आणि बिघडलं की?"

"वॉरंटीत बदलून देऊ. नंतर लोक नवीनच घेतात."

"मग लोकांनाच दे."

दुसरं दाखवलं, त्याला मोठा रंगीत पडदा होता आणि बारा प्रकारच्या कॉफीची चित्रं. किंमत ऐकून मीच मागे सरले. आत्याने विचारलं, यातून चांगली एस्प्रेसो निघते का, का नुसती बारा चित्रं? त्याने खरं सांगितलं, की बाराही प्रकार त्याच एका कॉफीचे, फक्त दूध-पाणी कमीजास्त. मग कोपऱ्यातल्या एका साध्या, जाड पत्र्याच्या यंत्रापाशी ती थांबली. एक हँडल, एक वाफेची नळी, दोन दिवे. तिने हँडल आवळलं, सोडवलं, पुन्हा आवळलं. आतल्या कडीवर नख दाबलं.

"ही कडी सुटी मिळते?"

"मिळते. पंपही मिळतो."

"आणि बिया दळायला?"

"मॅडम, खरं सांगू? यंत्रापेक्षा दळणंच महत्त्वाचं. मिक्सरमध्ये दळाल तर सगळे पैसे पाण्यात." त्याने हाताने फिरवायचा एक ग्राइंडर दाखवला. एवढ्या वेळात पहिल्यांदाच तो मनापासून बोलला होता, म्हणून आत्याने त्याचं ऐकलं. सात दिवसांत परत करता येईल, असंही त्याने पावतीवर लिहून दिलं. ती पावती आम्ही घरी आल्याबरोबर बाबांनी फ्रिजवर चिकटवली.

यंत्र टेबलावर चढलं. आत्याने टाकी भरली, बटण दाबलं, आणि लाल दिवा लागला. टाकी रिकामी आहे, असं त्याचं म्हणणं. टाकी तर काठोकाठ भरलेली! तिने टाकी काढून पुन्हा बसवली. लाल दिवा. बंद करून चालू केलं. लाल दिवा.

पाच दिवस हेच चाललं. आत्याने बाहेरून हात लागेल ते सगळं तपासलं, कान लावून ऐकलं. पंपाचा हुंकारही नाही. माहितीपुस्तक खोक्यातच पडून होतं. मी म्हटलं, वाचून बघू या, तर म्हणाली, "यंत्र कागदावरून कळत नसतं. मी काय आज वाफ बघतेय?" दुकानात फोन केला तर म्हणाले, नग खराब असेल, पैसे परत देतो, बदलून द्यायला दुसरा नाही.

बाबांना तर आयतंच मिळालं. येता-जाता खोलीत डोकावायचे. "काय ताई, झाली का कॉफी? एक कप इकडेही पाठव." शेजारच्या काकांना बोलावून दाखवलं. ते दोघं दारात उभे राहून हसले. मला इतका राग आला की मी दार लावून घेतलं, काकांचं नाक थोडक्यात वाचलं.

आत्या हसली नाही, चिडलीही नाही, आणि त्याचीच मला भीती वाटली. सहाव्या दिवशी ती पलंगावर बसून म्हणाली, "तुझा बाबा म्हणतो ते खरं असेल. या वयात कशाला हवं होतं मला?" आमच्या आत्याच्या तोंडचं हे वाक्य! एका यंत्रासाठी मला काही रडू येणार नव्हतं. पण आता ते परत गेलं, तर ही बाई आयुष्यात पुन्हा स्वतःसाठी काही मागणार नाही, हे मला स्वच्छ दिसत होतं. दोन घोटांवर अठ्ठावीस वर्षं काढली होती तिने.

सातव्या दिवशी दुपारी चारला दुकानाचा माणूस यंत्र न्यायला येणार होता. साडेतीनला आत्या टाकी घेऊन उठली.

"आता काय?"

"धुऊन देते. माझ्या हातून कधी डागाचा कपडा परत गेला नाही, यंत्रही जाणार नाही."

तिने नळाखाली टाकी विसळली, पुन्हा भरली. आतली नळीही धुऊन निघावी म्हणून यंत्रात बसवली आणि सवयीने बटण दाबलं.

लाल दिवा विझला. हिरवा लागला. आणि पंप असा काही घुमला की आम्ही दोघी दचकलो.

आत्या टेबलाखालच्या कॅनकडे बघत राहिली. तिथे इस्त्रीसाठीचं डिस्टिल्ड पाणी असतं. साध्या पाण्याने इस्त्रीत क्षार साचतात आणि भोकं बुजतात, म्हणून घरच्या इस्त्रीतसुद्धा ती दुसरं पाणी घालू देत नाही. सात दिवस तिने यंत्रालाही तेच पाजलं होतं. मी खोक्यातून पुस्तक काढलं. पहिल्याच पानावर, ठळक अक्षरांत: डिस्टिल्ड पाणी वापरू नये. त्यात क्षार नसतात म्हणून टाकीतल्या तारांना पाणी कळत नाही आणि यंत्र टाकी रिकामी समजतं.

"पहिल्या पानावर?" आत्याने विचारलं.

"पहिल्या."

तिने कपाळावर हात मारला आणि खदखदून हसली. "अगं, इतकं स्वच्छ पाणी दिलं की त्याला दिसेचना! वाफबाई म्हणे!"

मग तिने हात पुसले. ग्राइंडर मांडीत धरून बिया दळल्या. पूड हँडलमधल्या चाळणीत भरली आणि वरून दाबली. दाबताना तिचा खांदा इस्त्री धरल्यासारखा खाली आला. हँडल आवळलं. पहिल्या वेळी भसाभस पाणीच आलं. "जाड दळलं," ती म्हणाली आणि फेकून दिलं. दुसऱ्या वेळी फार बारीक झालं, थेंबही पडेना. तिसऱ्या वेळी काळपट तपकिरी धार उतरली, मधासारखी, सावकाश. खोलीभर वास पसरला आणि तेवढ्यात दारावरची बेल वाजली.

बाबा दुकानाच्या माणसाला घेऊन थेट खोलीत आले, मागून आई. "हेच ते. घेऊन जा."

"थांब," आत्या म्हणाली. "यंत्र ठीक आहे. चूक माझी होती. चुकीचं पाणी घातलं मी, पुस्तकही वाचलं नाही."

बाबांचा चेहरा उजळला. "बघ! मी काय म्हणत होतो? तुला झेपणारं नाही हे. अजून वेळ गेलेली नाही, पैसे परत मिळतायत तर..."

"मागच्या वर्षी नव्या गाडीत तू पेट्रोलऐवजी डिझेल भरलंस," आत्या शांतपणे म्हणाली. "गाडी परत दिलीस का रे?"

दुकानाचा माणूस हळूच छताकडे बघायला लागला.

"ते वेगळं."

"काय वेगळं? तू चुकलास तर पुन्हा शिकायचं, आणि मी चुकले तर परत करायचं? त्या गाडीतही माझे पैसे आहेत. एका किलोमीटरला किती पडतात असं मी विचारलं कधी? तू हौसेने घेतलीस, मला बरं वाटलं, म्हणून दिले. आता हौस माझी आहे. चुकेन, शंभरदा चुकेन, कॉफी सांडेन, रबर जाळेन. माझ्या पैशाने चुकेन. तुला पसंत नसेल तर डोळे मिट!"

आत्याने दुकानाच्या माणसाचा कागद घेतला, त्यावर आडवी रेघ मारून सही केली आणि परत दिला. म्हणाली, "तुला फुकट फेरी पडली बाबा. दहा मिनिटं थांबलास तर कप देते." तो लगेच खोक्यावर बसला.

मग ती तो पहिला कप घेऊन खुर्चीत बसली. आमच्या घरात आत्या कायम शेवटी वाढून घेते, शेवटी चहा घेते, तोही पातेल्यात उरलेला. त्या दिवशी ती सगळ्यांच्या आधी, सगळ्यांच्या समोर, बसून प्यायली. आम्ही चौघं तिच्याकडे बघत होतो. ती कोणाकडेच बघत नव्हती. दोन घोट झाले. कपात अजून होती. तिने कप डोळ्यांसमोर धरून पाहिलं आणि तिसरा घोट घेतला, आणि तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते तिने पुसलं नाही.

वासाने बाबांचाही धीर सुटला असावा. दाराला टेकून, खाली बघत ते म्हणाले, "मलाही टाकशील का एक?"

"टाकते की," आत्या म्हणाली. "स्वतःचा कप धुऊन आण."

बाबांनी आईकडे पाहिलं. पस्तीस वर्षं असं पाहिलं की आई उठायची.

"माझ्याकडे काय बघताय?" आई म्हणाली आणि पलंगाच्या कडेवर टेकली. "वन्सं, मला जरा दूध घालून द्या हं."

बाबा स्वयंपाकघरात गेले. आतून नळ सोडल्याचा आवाज आला. आत्याने ग्राइंडरमध्ये पुन्हा बिया घातल्या आणि दांडा फिरवायला सुरुवात केली.