बिनदाराचं कोठार आणि माझा शाप

मंडळी, दुपारचं अजून डोक्यातून जात नाही, म्हणून इथं लिहितेय.

मी आणि माझी नणंद वैशाली मोबाईलवर राज्यांच्या लढाईचा गेम खेळतो. मी देवळालीत, ती शिंगणापुरात. तिच्या राज्यातल्या वेशीलगतच्या धान्याच्या कोठाराला दारच नाही. कितीदा सांगितलं, तर म्हणते, "वैनी, आमच्या गावात दार लावत न्हाईत."

माझं सैन्य तीन दिवसांपासून तिच्या वेशीवर अडकलेलं. आज फेरी संपायला वीस सेकंद. माझ्याकडे एकच मंत्र उरलेला, शत्रूचं अन्न सडवणारा शाप. टाकला! तिचं कोठार काळं पडलं.

मी ओरडलेच. आणि बघते तर माझेच शिपाई एकेक करून कोसळायला लागले.

लगेच तिचा फोन. "वैनी, काय केलं तुमी हे? तुमची मानसं तीन दिस माझ्याच कोठारातलं खात हुती. दार न्हाई, मग कुनाला अडवू?"

खरंच, मी त्यांना शिधा पाठवलाच नव्हता. ते कुठं जेवतायत, हेही पाहिलं नव्हतं.

तिनं आता नवं कोठार बांधायला घेतलंय. त्यालाही दार नाही.

सांगा, आता कुठल्या तोंडानं तिच्यावर चाल करून जाऊ?