दारथांगीचं ‘तू’

दारथांगीला परमुलखात सगळं जमलं, फक्त माणसांशी अदबीनं बोलणं काही केल्या जमेना. डोंगराचं तिला कौतुक नव्हतं. मिझोरामात तिचं गावच असं कड्यावर वसलेलं, की तिथं पोर चालायला लागतं तेच चढावर. नेपाळातल्या आपल्या चार वाड्या ती पाठीवर टोपली आणि कपाळाला तिचा पट्टा लावून बारा महिने पालथ्या घालायची. पोरांची वजनं करायची, बाळंतिणींना गोळ्या द्यायच्या, त्यांच्या सासवांशी भांडायचं आणि शनिवारी, तिथल्या सुटीच्या दिवशी, जमतील तेवढ्या बायकांना घेऊन येशूची गाणी म्हणायची. तिकडे मिझोरामात तिच्या चर्चच्या मंडळीतल्या बायका रोज भात टाकताना मूठभर तांदूळ मिशनसाठी बाजूला काढत. त्या मुठींवर ही इथं उभी होती, आणि त्यातली एक मूठ तिच्या म्हाताऱ्या आईची होती.

तिच्या भाषेत समोरच्याला एकच शब्द. आई असो, मंत्री असो, डुक्कर असो, देव असो, सगळ्यांना ‘तू’. नेपाळीत मात्र चढत्या चार पायऱ्या, आणि कोण कुठल्या पायरीवर बसतो हे गावानं कधीचं ठरवून टाकलेलं. त्यात हिला भाषा शिकवली माइलीआमानं. ही तामाङ जमातीची विधवा, दारथांगी तिच्याच घरी राहायची. म्हातारी उभ्या जन्मात कुणाला ‘तुम्ही’ म्हणाली नव्हती. चेलीनं गुरूचा गुण उचलला. मग कुणीतरी दटावलं, म्हणून ती ‘आपण’ शिकली आणि सढळ हातानं वाटत सुटली. कुणाच्या पानात काय पडेल त्याचा नेम राहिला नाही. सगळ्यांत खालच्या पायरीवरच्या लोहाराच्या म्हातारीला ती म्हणायची, “आपली तब्येत कशी आहे?” तिच्या बकरीला म्हणायची, “आपण जरा बाजूला होता का?” आणि पेन्शनीवर आलेल्या सुभेदार हर्कबहादूर थापांना तिनं भर चहाच्या दुकानात विचारलं, “काय रे, तुझा गुडघा काय म्हणतो?”

दुकान हसलं. सुभेदारांना झोंबलं ते हसणंच. अर्धा पेला तसाच ठेवून ते उठले, आणि दुसऱ्या दिवशी निरोप आला की बाईनं सुभेदारांच्या अंगणात हजर व्हावं, पंच बसणार आहेत.

आता सुभेदारांनी वर कचेरीत एक शब्द टाकला असता, की परकी बाई, त्यात मिशनरी, तिनं गाशा गुंडाळायचा एवढंच उरलं असतं. बायकांनी आपल्या तोंडचा तांदूळ काढून पाठवलेली मुलगी एका शब्दापायी परत आली, हे आईला कुठल्या तोंडानं सांगायचं? आणि खरं सांगायचं तर तिला जायचंच नव्हतं. ह्या चार वाड्या आता तिच्या होत्या.

“घाबरतेस कशाला?” माइलीआमा म्हणाली. “म्हण, ‘हजूर, माफी असावी.’ म्हण बघू.”

“हजूर, माफी असावी.”

“शाब्बास. आणि पुढं तोंड मिटून घे. तुझं तोंड उघडं राहिलं तर मला नवी भाडेकरीण शोधावी लागेल.”

अंगणात सुभेदार खुर्चीवर, पंच गुंदरीवर, म्हणजे पेंढ्याच्या चटईवर, बसले होते. दाराशी सुभेदारांची बायको मनसरा नाचणी पाखडत होती.

“लोहारणीला ‘आपण’ आणि मला ‘तू’?” सुभेदार गरजले. “पलटणीत माझ्यापुढं साहेब लोकसुद्धा नीट बोलायचे. तुला आमची पायरी कळत नसेल, तर आमच्या गावात तुझं काम काय?”

“हजूर, माफी असावी,” दारथांगी म्हणाली. इथवर ठीक होतं. पण तोंड मिटायचं ठरलेलं ती विसरली. डोळे भरून आले आणि शब्द आपोआप बाहेर पडले, “पण तू मला घालवू नकोस रे!”

“ऐकलंत? पुन्हा ‘तू’!”

एका पंचानं विचारलं, “काय गं बाई, तू तुझ्या देवाशीही अशीच बोलतेस?”

“हो,” ती म्हणाली. “सकाळपासून वाटेनं त्यालाही हेच म्हणत आले. तू मला घालवू नकोस.”

दाराशी मनसराचं सूप थांबलं.

“अहो,” मनसरा दारातून म्हणाली, “तुम्ही रोज सकाळी देवीला काय म्हणता?”

“त्याचा इथं काय संबंध?”

“‘आई, तू सांभाळ,’ म्हणता. ‘आपण सांभाळावं’ असं कधी ऐकलं नाही मी. देवीनं तुम्हाला गावाबाहेर काढलं का?”

पंचांपैकी एक जण मिशीत हसला. सुभेदार म्हणाले, “ते वेगळं.”

“काय वेगळं?”

“आणि लोहारणीचं काय?” सुभेदारांनी मोर्चा वळवला. “तिला ‘आपण’ म्हणायचं?”

“म्हटलं तर तुमचं काय झिजलं? मलाही म्हणाली ही. ‘आपण थकलात, जरा बसा,’ म्हणाली.” मनसरानं सूप खाली ठेवलं. “ह्या घरात सून म्हणून आले, नातवंडं झाली, पण मला ‘आपण’ कुणी म्हटलं नव्हतं. पुन्हा ऐकायला मिळावं म्हणून मी बहिऱ्याचं सोंग घेतलं. दोनदा म्हणायला लावलं तिला.”

पंच जमिनीकडे बघू लागले. घरी जाऊन कुणाकुणाला काय आठवलं असेल, देव जाणे. सुभेदार निवाडा सांगायला खुर्चीत सरसावून बसले. तेवढ्यात मनसरा पदराला हात पुसत उठली.

“ए, ऊठ. नाचणीचा ढिंडो निवतोय. हिलाही घेऊन ये.”

पंचांच्या माना सुभेदारांकडे वळल्या. दारथांगीला आधी ‘हिलाही’ एवढंच कळलं. ज्याला हाकलायचं त्याला कुणी पानावर बोलवत नाही. तिला केवढं हायसं वाटलं. रडू आणि हसू एकदम आलं आणि ती मटकन तिथंच बसली.

सुभेदार खाकरले. खुर्चीच्या हाताला धरून सावकाश उभे राहिले आणि तिच्यापाशी येऊन हळूच म्हणाले, “अगं, बसतेस काय? ‘ऊठ’ म्हणाली ती मला. चल लवकर, नाहीतर आणखी काहीतरी म्हणेल.”