दोष छताचा नव्हता

दोन वर्षं मी आमच्या छोट्या गाडीवर आरोप करत राहिलो आणि त्या नादात माझे डोळे जाता जाता वाचले. वाचले ते काही माझ्या शहाणपणामुळे नाही. अमरावतीच्या कोर्टात वकिली करता करता केस पिकले, पण स्वतःच्या बाबतीत मी भलत्याच आरोपीला पिंजऱ्यात उभं केलं होतं, हे आधीच कबूल केलेलं बरं.

माझी उंची सहा फूट दोन इंच. आमची गल्ली इतकी अरुंद की मोठी गाडी वळतच नाही, म्हणून आम्ही सगळ्यात छोटी घेतली. तीत मी बसलो की गुडघे स्टिअरिंगला आणि टाळू छताला. त्याची मला सवय झाली होती. पण चौकात पहिला नंबर लागला की पंचाईत व्हायची. सिग्नल वर खांबावर आणि माझ्या डोळ्यांसमोर छताची कड. हनुवटी स्टिअरिंगवर टेकवून मान वर वळवली तरच दिवा दिसायचा. शेजारचा स्कूटरवाला मग, यांना काही होतंय की काय, अशा नजरेनं बघायचा.

यावर मी उपाय शोधून ठेवले होते. चौक जवळ आला की गाडी हळू करायची, म्हणजे दुसरा कोणी पुढे जाऊन उभा राहतो आणि आपण त्याच्या मागे. पहिला नंबर लागलाच तर पांढऱ्या पट्ट्याच्या बरंच मागे थांबायचं. पण अमरावतीत रिकामी जागा टिकत नाही. दोन मोपेड, एक ऑटो आणि पाण्याचे कॅन लादलेली एखादी हातगाडी लगेच तिथे येऊन बसते. त्यातल्या ऑटोवाल्याकडे मी लक्ष ठेवायचो. त्यानं वाकून तंबाखूचा खर्रा थुंकला आणि गिअर टाकला, की हिरवा झाला समजायचं. मागच्यांच्या हॉर्नवर मात्र कधी भरवसा ठेवला नाही. सिग्नलचा आकडा तीनवर आला की आमच्याकडचे लोक हॉर्नवर हात ठेवतात, आणि त्या तीन सेकंदांत पुढे गेलेला माणूस थेट दवाखान्यात जातो.

सगळ्यात खात्रीचा उपाय माझ्या डाव्या हाताला बसायचा. माझी बायको चार फूट अकरा इंचांची. तिला त्या गाडीतून आभाळसुद्धा दिसतं. तिचं माहेर दर्यापूरकडचं, काळ्या मातीतलं शेतकरी घराणं. तीस-बत्तीस वर्षं शहरात वकिलाच्या घरात काढली, पण बोली तिनं तसूभर बदलली नाही. "लाल हाये, थांबा," ती सांगायची. मग, "झाला हिरवा, चाला." आमची आंधळ्या-लंगड्याची जोडी आहे असं मी मित्रांना हसत सांगायचो. तिला ते आवडायचं नाही.

खरं तर ती आधीपासून काहीतरी टिपत होती. घरातही माझं डोकं आपटायला लागलं होतं. माजघराची चौकट, अंगणातली कपड्यांची तार, फाटकावरची कडुलिंबाची फांदी, सगळं मला भेटायला येत होतं. मला त्यात नवल वाटलं नाही. उंच माणसानं डोक्याला तेल आणि आयोडीन दोन्ही लावायचं असतं, असं मी म्हणायचो. वरच्या फळीवरचा डबा सापडला नाही की तिनंच जागा बदलली म्हणून तिच्यावर खेकसायचो. ती मुकाट्यानं स्टूल घेऊन चढायची आणि डबा काढून द्यायची. डबा जिथला तिथेच असायचा.

एकदा तर चौक चांगला पन्नास-साठ पावलं दूर होता आणि ती म्हणाली की लाल आहे. मी म्हटलं, कुठे? तिनं विचारलं की इतक्या लांबून तर छत आडवं येत नसेल? मी सांगितलं की ऊन डोळ्यांवर येतंय. ऊन पाठीमागून होतं हे तिनं पाहिलं आणि पुन्हा समोर बघायला लागली. वकिलाशी वाद घालण्यात दम घालवायचा नाही, हे ती लग्नाच्या पहिल्याच वर्षी शिकली होती.

आमची मुलगी अकोल्याला दिलेली. माझी तक्रार ऐकून ऐकून तिनं प्लॅस्टिकची एक पातळ भिंगाची पट्टी मागवून दिली. समोरच्या काचेला वरच्या बाजूला चिकटवायची, म्हणजे छतामागे लपलेला दिवा तीत छोटासा दिसतो. मी ती चिकटवली, चौकात गेलो, आणि समोर नजर ठेवून मला तीत काही म्हणजे काही दिसलं नाही. फसवणूक आहे, ग्राहक मंचात जातो, असं मी तिथल्या तिथे जाहीर केलं. बायको तिच्या सीटवरून माझ्या अंगावरून वाकली, पट्टीत पाहिलं आणि म्हणाली, "दिसते की. लाल हाये." मी म्हटलं, तू बुटकी आहेस म्हणून दिसतं. याला काही अर्थ नव्हता, पण मी ते इतक्या ठासून बोललो की मलाच पटलं.

मग गेल्या वर्षीच्या हिवाळ्यात आम्ही बसनं मुलीकडे गेलो. जावयानं नवी उंच गाडी घेतली होती. तो कामाला गेला आणि जाताना किल्ली माझ्या हातात देऊन गेला. सकाळचे अकरा वाजले होते, स्वच्छ ऊन. मुलीला आणि बायकोला घेऊन मी बाजाराला निघालो. काय ती गाडी! डोक्यावर वीतभर मोकळी जागा, समोर एवढी मोठी काच. आज मला कोणाची गरज नाही, असं मी मागे वळून ऐकवलंसुद्धा. दोघी मागे बसल्या होत्या. इतक्या मोठ्या काचेतून हे आपले पाहतील, म्हणून बायको निवांत मुलीशी बोलत होती.

एका मोठ्या चौकात मी सरळ लाल दिव्यातून गाडी काढली. वेग जास्त नव्हता, घाई नव्हती. माझ्यापुरता तिथे दिवाच नव्हता. डावीकडून एक मुलगी स्कुटीवर येत होती. तिनं ब्रेक दाबले, स्कुटी घसरली आणि तिरपी झाली. तिनं पाय टेकवून ती कशीबशी सावरली. हँडलला अडकवलेला डबा सुटून रस्त्यावर घरंगळत गेला. मी थांबलो तेव्हा माझ्या बंपरमध्ये आणि तिच्या गुडघ्यात हातभर अंतर होतं.

ती खिडकीशी आली. शिव्या देईल असं मला वाटलं होतं आणि मी उत्तर तयार ठेवलं होतं. पण तिनं आवाज चढवला नाही. "काका, खरंच दिसला नाही का तुमाले सिग्नल?" तिनं विचारलं. आपल्या घरातल्या म्हाताऱ्याला विचारावं तसं विचारलं. सिग्नल चुकीच्या जागी लावलाय, असं काहीतरी मी पुटपुटलो. तिनं मान वर करून सिग्नलकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, डबा उचलला आणि निघून गेली.

परत येताना गाडी आमच्या मुलीनं चालवली. घरी आल्यावर बायकोनं मला खुर्चीवर बसवलं आणि समोर स्टूल घेऊन ती बसली. हातात स्वयंपाकघरातला डाव होता. मला म्हणाली की माझ्या नाकाकडे पाहा आणि डोळे हलवू नका. काय खेळ चाललाय म्हणून मी हसलो. ती हसली नाही. "माहे बाबा बैल घेतानी असाच डोळा पाहत," ती म्हणाली. "आता त्या गाडीचं छत तर आडवं नव्हतं आलं ना?"

 मी तिच्या नाकाकडे पाहत बसलो. तिनं डाव हळूहळू वरून खाली आणायला सुरुवात केली. दिसला की सांगायचं. मी वाट पाहत होतो. अजून सुरू का करत नाही, असं मी विचारलं, तर मुलगी दारातून म्हणाली, "बाबा, डाव केव्हाचा तुमच्या कपाळासमोर आहे." आणखी थोडा खाली आला तेव्हा तो एकदम कुठून तरी उगवल्यासारखा मला दिसला. मग बायकोनं मुलीला माझ्या जागी बसवलं. डाव बायकोच्या डोक्याच्या वीतभर वर होता तेव्हाच मुलीनं "दिसला" म्हणून सांगितलं. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. मला त्या क्षणी पहिल्यांदा भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी जावयानं आम्हाला अमरावतीला आणून सोडलं, आणि त्याच आठवड्यात बायको मला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टरीणबाई माझ्या मुलीच्या वयाच्या. मोतीबिंदू असेल, असं निदान मी आधीच करून गेलो होतो. त्यांनी डोळ्यांचा दाब तपासला, आत उजेड टाकून पाहिलं आणि मला एका अंधाऱ्या खोलीत मशीनसमोर बसवलं. हनुवटी टेकवायची, एक डोळा झाकायचा, मधल्या पिवळ्या ठिपक्याकडे बघत राहायचं. आजूबाजूला बारीक उजेड चमकला की हातातलं बटण दाबायचं. दोन-चारदा दाबलं. मग बराच वेळ काही झालं नाही. तपासणाऱ्या बाईंना मी विचारलं, मशीन बंद पडलं का? त्या हळूच म्हणाल्या, "नाही साहेब, चालू आहे. दिवे लागतायत."

कोर्टात माझ्याविरुद्ध कितीतरी निकाल लागले. इतका स्पष्ट एकही नव्हता.

कागदावर माझ्या उजव्या डोळ्याचा वरचा निम्मा भाग काळा आला होता. डाव्याचाही वरचा बराचसा भाग काळवंडला होता. काचबिंदू. डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं की यात दुखत नाही, डोळ्यांसमोर काळं येत नाही. जे दिसत नाही ते तिथे नव्हतंच असं वाटतं. सिग्नल नव्हताच, फांदी नव्हतीच, डबा नव्हताच. मग त्यांनी विचारलं की घरात आधी कोणाला होता का?

तेव्हा मला माझे वडील आठवले. शेवटची आठ वर्षं ते ओसरीवर खुर्ची टाकून बसायचे आणि फाटक वाजलं की "कोण आहे?" विचारायचे. मी रोज कोर्टातून येऊन "मी" म्हणायचो. वय झालंय, म्हातारपणी व्हायचंच, असं आम्ही सगळे समजत होतो. कोणी त्यांना दाखवलं नाही. मीही नाही.

"गेलेलं परत येत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "उरलेलं राखता येईल. आणखी एक-दोन वर्षं उशीर झाला असता तर राखायला काही उरलं नसतं." त्यांनी थेंब लिहून दिले, सकाळ-संध्याकाळ, जन्मभर. गाडी चालवायची नाही हेही सांगितलं. मी तोंड उघडणार होतो. बायकोनं माझ्या हातावर हात ठेवला आणि मी मिटलं.

गाडीची किल्ली मी घरी आल्याबरोबर तिच्यापुढे ठेवली. तिनं त्या किल्लीचं काय केलं असेल? साठीला टेकलेली बाई, कधी सायकलच्या पुढे न गेलेली, रोज सकाळी मैदानावर जाऊन गाडी शिकली. उशी घेऊन बसायची. पहिल्यांदा गल्लीतून गाडी बाहेर काढली तेव्हा दोन्ही बाजूंचे शेजारी दारात उभे होते आणि तिनं एकाचीही पायरी घासली नाही. थेंबांची वेळ तिनं एक दिवस चुकवली नाही. माझ्या दोन्ही भावांना फोन करून, दम देऊन, डोळे तपासायला लावले. धाकट्याला सुरुवात निघाली. फार लवकर सापडली म्हणून त्याचं काही गेलं नाही.

स्कुटीवरच्या त्या मुलीचा मला पत्ता नाही. तिचा डबा सांडला, ती पडता पडता वाचली, आणि तरीही तिनं नीट प्रश्न विचारला. ती ओरडली असती तर मी भांडलो असतो, जिंकलो असतो आणि डोळे घालवले असते. तिचे आभार मानायचे राहिले आहेत, आणि ते राहणारच, कारण ती पुन्हा दिसली तरी मी तिला ओळखणार नाही.

मागच्या महिन्यात वर्षाची तपासणी झाली. पुन्हा तेच मशीन, तेच बटण. डॉक्टरीणबाईंनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले आणि बराच वेळ पाहिले. मग म्हणाल्या की काळा भाग जिथे होता तिथेच आहे, एक ठिपकाही पुढे सरकला नाही. बायकोनं कागद उजेडाकडे धरून स्वतः तपासला आणि घडी करून पर्समध्ये ठेवला.

दवाखान्यातून आम्ही तसेच मुलीला सांगायला अकोल्याला निघालो. गाडी बायको चालवत होती. बडनेरा मागे पडलं, दोन्ही बाजूंना तुरीची शेतं होती. आमच्या घराण्यात बायकोचे आभार मानायची पद्धत नाही. वडिलांना मी आईला कधी तसं बोलताना ऐकलं नाही, आणि मीही इतक्या वर्षांत बायकोशी तसं बोललो नव्हतो. मूर्तिजापूर जवळ आलं तेव्हा मी म्हटलं, "तू होतीस म्हणून मला दिसतंय. नाहीतर मीही बाबांसारखा ओसरीवर बसून कोण आलं ते विचारत राहिलो असतो."

  मग तिनं गाडी हळू केली, सिग्नल देऊन रस्त्याच्या कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं.

"असं चालत्या गाडीत बोलत नका जाऊ," ती म्हणाली. "मले रस्ता दिसून नाही राहिला."