ताटभर वार

मी चौथीपर्यंत शिकले आणि पळसदरीच्या पुढे आमच्या गावात सुईणीचं काम केलं. मूल बाहेर आलं की सगळे मुलाकडे बघत, मी मुलामागून पडणारी वार बघायचे. धुऊन ताटात पसरायची, तुकडा आत राहिला नाही ना ते तपासायचं आणि मग न्हाणीमागे पुरायची. वार जाड आणि लालभडक असली की मूल धडधाकट, असं मी मानायचे.

सुनेला पहिल्यांदा दिवस गेले तेव्हा तपासणीत एचआयव्ही निघाला. आणला माझ्या मुलाने. दोघांना गोळ्या सुरू झाल्या. ती एक दिवस चुकवायची नाही. सरकारी दवाखान्यात मुलगी झाली, दोन किलोचीही नव्हती. दवाखान्याच्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत टाकण्याआधी मी नर्सकडून वार बघून घेतली. लहानशी, कडेला पांढरट आणि कडक. गोळ्यांनी वार सुकवली, हे मी तिथेच ठरवलं. पुढे मुलीच्या सगळ्या तपासण्या चांगल्या आल्या, पण ते मी जमेस धरलं नाही.

दुसऱ्या खेपेला पाचवा महिना लागला तरी पोट दिसेना.

"गोळी बंद कर गं," मी म्हटलं. "पोट भरू दे, मग घे."

"मॅडम बोलल्यात, एक दिस पण चुकवायची नाय."

"मॅडमनी किती बाळंतपणं केलीत? अर्धा गाव मी या हातांनी बाहेर काढलाय."

"म्हणून अर्धा गाव असा हाय," असं म्हणून ती हसली. पण ऐकलं तिने. दवाखान्यात विचारलं तर 'घेते' म्हणायचं, हेही मीच शिकवलं.

मुलगा झाला. तीन किलोच्या वर, गुटगुटीत. वार ताटभर. मी नर्सला म्हटलं, "बघ, याला म्हणतात वार."

सहा आठवड्यांनी त्याच्या टाचेचं रक्त घेतलं. मग पुन्हा एकदा घेतलं. दोन्ही वेळा आजार निघाला.

दवाखान्यात समजावून सांगायला एक बाई असतात. त्यांनी गोळ्यांचं विचारलं. सून खाली बघत राहिली. मग मीच सगळं सांगितलं. बाई ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "मावशी, वार लहान राहते ती कधी आजाराने, कधी अंगात रक्त कमी असल्याने. कधी गोळ्यांमुळेही असेल. शंका आली तर आम्हाला विचारायचं, गोळी बदलता येते का ते डॉक्टर बघतात. पण बंद केली की आजार अंगात वाढतो आणि पोटात असतानाच पोराला जाऊ शकतो. वार दिसायला चांगली असली तरी जातो."



मग त्यांनी विचारलं, "बाळाला रोज दोन वेळा औषध द्यायचंय. कोण देणार?"

"मी," सून म्हणाली.

"तुम्ही कामावर गेल्यावर? आजी देतील?"

सुनेने माझ्याकडे बघितलंही नाही. "त्याला मी बरोबर नेईन," ती म्हणाली.

ती फार्महाऊसवर भांडी घासायला जाते. पाठीशी पोर बांधते, पिशवीत औषधाची बाटली घेते. मी दिवसभर घरीच असते.