दोन वेळची धार

माझ्या मावशीचे यजमान, म्हणजे आमचे काका, यांनी आयुष्यात एकही वस्तू नुसती विकत घेतली नाही. प्रत्येक वस्तू त्यांनी गाईसारखी पारखून घरात आणली. संगमनेरच्या अलीकडे प्रवरेकाठी त्यांचा गोठा आहे. गाय घेताना सकाळची आणि संध्याकाळची धार स्वतः काढून बघितल्याशिवाय व्यवहार पक्का करायचा नाही, ही आमच्याकडची रीत. काकांनी ती साऱ्या जगाला लावली. कुकर घेताना त्यांनी दुकानातच डाळ शिजवायला लावली आणि शिजल्यावर दुकानदारालाच वाढली. चप्पल घेताना ती घालून नदीच्या पुलापर्यंत जाऊन आले. दुकानदार बिचारा त्यांचे जुने जोडे सांभाळत दारात उभा. मावशीला बघायला गेले तेव्हा मात्र त्यांनी एकच प्रश्न विचारला होता, "गाणं म्हणता का?" मावशी म्हणाली, "चौघींत म्हणते. एकटीला न्हाई जमत." काकांनी तिथल्या तिथे होकार दिला. जन्मात न पारखता केलेली गोष्ट ही एवढीच, असं ते मावशीसमोर ऐटीत सांगायचे, आणि भाकरी थापता थापता ती म्हणायची, "मी तरी कुठं पारखलं हुतं?"

मावशीचं ते उत्तर अगदी खरं होतं. ती जन्मभर गावच्या भजनी मंडळात गायली, पण कायम मागच्या रांगेत, दहा-अकराजणींच्या आवाजात मिसळून. मंडळाने एकदा हौसेनं सीडी काढून घेतली. मावशी गेल्यावर काकांकडे तिचा आवाज उरला तो त्या चकतीवर. बदली होऊन गेलेल्या एका बँकेच्या साहेबांकडून घेतलेला अ‍ॅम्प्लिफायर आणि दोन दांडगे स्पीकर त्यांच्या ओसरीत होते. संध्याकाळी धारा उरकल्या की ते ती सीडी लावून डोळे मिटून बसत. मला त्यात मावशी कधीच वेगळी ऐकू आली नव्हती. काका स्वतःची समजूत घालून घेतात, असंच मला वाटायचं. यंदा त्यांच्या सीडी प्लेयरनेच मान टाकली. चकती नुसती फिरायची, आवाज काही यायचा नाही. दुरुस्तीवाल्याने हात वर केले. मग मी शहाणपणा करून सगळी भजनं पेनड्राइव्हवर भरली आणि छोट्या ब्लूटूथ स्पीकरवर ऐकवली. काकांनी पूर्ण ऐकलं आणि खाली बघत म्हणाले, "बाकीच्या समद्या आल्यात रं यात. ती न्हाई आली."

मग मी त्यांना घेऊन संगमनेरच्या बाजारात निघालो. पहिल्या दुकानदाराने सीडी प्लेयर म्हटल्यावर आमच्याकडे असं बघितलं, की जणू आम्ही बैलगाडीचं चाक मागितलंय. मग माळ्यावरून एक स्वस्तातला डीव्हीडी प्लेयर काढून तो किती काय काय करतो ते सांगू लागला. काका म्हणाले, "शेठ, ते ऱ्हाऊ द्या. दोन वक्ताची धार काढू द्या, मंग बोलू." शेठच्याही घरी गाई असाव्यात. तो हसला आणि म्हणाला, "न्या बाबा. पन पटलं न्हाई तर परवा मागारी आना." सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा, काका ओसरीत बसले, डावा हात गाईच्या पाठीवर ठेवावा तसा यंत्रावर. निकाल आला, "कास मोठी, दूध पातळ." दुसऱ्या दुकानातून निळे-तांबडे दिवे लुकलुकणारा प्लेयर आला, तोही परत गेला. "निस्ती शिंगं रंगवल्यात," म्हणाले. मला तर दोन्ही बरे वाटले होते. आपण वस्तू घेतो ती दुकानदाराच्या कानांनी, शेजाऱ्याच्या डोळ्यांनी. या माणसाला मात्र नेमकं काय ऐकायचंय ते ठाऊक होतं, आणि ते मिळेल की नाही या धास्तीने त्यांचं जेवण कमी झालं होतं.

शेवटी नगरला एका जुन्या सामानाच्या दुकानात एक भला जड प्लेयर स्वस्तात सापडला. त्याचा चकती ठेवायचा खण अर्ध्यात अडायचा, बोटाने ढकलावा लागायचा. काका म्हणाले, "वयस्कर हाय. पर बघू." सकाळची धार त्यांनी डोळे मिटून ऐकली. संध्याकाळी मला शेजारी बसवलं. भजन चालू झालं. कडवं संपता संपता त्यांनी बोट वर केलं. "आत्ता ऐक. समद्या थांबल्या की ही थांबती." आणि खरंच, सगळे आवाज मिटल्यावर एक बारीकसा सूर तेवढा मागे रेंगाळला आणि गडबडीने थांबला. मावशी.

काका उठून आत गेले. नवी गाय दारात आली की मावशी तिला हळदकुंकू लावायची. मावशी गेल्यापासून फळीवर तसाच पडलेला तिचा करंडा घेऊन ते बाहेर आले. सवय नसलेल्या बोटांनी त्यांनी प्लेयरच्या कपाळावर, म्हणजे बटणांच्या वर, हळद लावली, कुंकू लावलं. थोडं कुंकू बटणांवरही सांडलं. मग खण बोटाने ढकलून भजन पुन्हा पहिल्यापासून लावलं. या खेपेला त्यांनी बोट वर करायच्या आतच मला मावशी सापडली.